नाणी, शिलालेख आणि २,३०० न वाचलेल्या नोंदी: फीड रीडर कसा लावावा?

टाकसाळवाडा
विषय नाणकशास्त्र, जोडीला शिलालेख आणि ताम्रपट. या विषयांतलं नवं लेखन एका जागी येत नाही. थोडं नियतकालिकांत, थोडं संग्रहालयांच्या ब्लॉगांवर, बरंचसं संग्राहकांच्या खाजगी ब्लॉगांवर, आणि शेत नांगरताना हंडा सापडल्याची बातमी पेपरात आतल्या पानावर. म्हणून १४० स्रोतांच्या फीड, म्हणजे साइटवरचं नवं लेखन आपोआप कळवणारे आरएसएसचे पत्ते, जमवल्या आहेत. फीडली या फीड रीडरच्या मोफत खात्यात शंभराचीच मर्यादा, त्यामुळे उरलेले ४० थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅममध्ये. दोन्हीकडे मिळून न वाचलेल्या नोंदी २,३००. त्यातल्या निम्म्याहून जास्त पाच-सहा ठिकाणांच्या. वर्षाला तीनच लेख लिहिणारा पण सातवाहनांच्या नाण्यांवर नेमकं लिहिणारा माणूस त्या ढिगाखाली गडप.

प्रश्न असे: गाळणी कशी लावायची? ज्या ठिकाणी फीडच दिसत नाही तिथे काय करायचं? आणि मराठी शब्दांवर गाळणी चालते का? 'नाणे' शब्दावर लावून पाहिली, तर निम्मे लेख सुटतात.

भडंग
पहिल्याच प्रतिसादात नोंद: आरएसएस म्हटल्यावर अजून कुणी शाखेचा विनोद केलेला नाही. मंडळी सुधारली.

चिंचोका
२,३०० हा आकडा विसरा, त्यातून काहीच कळत नाही. प्रत्येक स्रोत महिन्याला किती नोंदी टाकतो तो आकडा काढा. फ्रेशआरएसएस या रीडरमध्ये आकडेवारीचं पान आहे, तिथे स्रोतागणिक नोंदी आणि बरेच दिवस गप्प असलेले स्रोत दोन्ही दिसतात. इतर रीडरमध्ये हाताने मोजा, १४० स्रोतांना तासभर पुरे.

मग तीन कप्पे करा. विषयाप्रमाणे नव्हे, वेगाप्रमाणे. महिन्याला चारपेक्षा कमी लिहिणारे 'क्वचित'. दिवसाला एखादी नोंद टाकणारे 'नेहमीचे'. दिवसाला पाचाच्या वर जाणारे 'धबधबा'. 'क्वचित'मधलं अक्षर न् अक्षर वाचायचं, तिथे गाळणी लावायचीच नाही. 'नेहमीचे'मध्ये मथळे बघायचे. 'धबधबा' उघडायचाच नाही, त्यातून गाळून येईल तेवढंच बघायचं, आणि दर रविवारी तो कप्पा सरसकट 'वाचले' करून टाकायचा. बहुतेक लोक नाणी, लेणी, ताम्रपट असे कप्पे करतात आणि तिथेच फसतात. एन्शंट वर्ल्ड ऑनलाइन घ्या. प्राचीन जगाबद्दलचं मोफत उपलब्ध साहित्य नोंदवणारा उत्तम ब्लॉग, पण त्याला त्या सातवाहनवाल्या माणसाशेजारी बसवलं की तो माणूस दिसणारच नाही.

आणि फीडलीत एक मेख आहे. तीस दिवसांपेक्षा जुनी नोंद तिथे आपोआप 'वाचली' होते. 'क्वचित' कप्प्याला हे घातक.

कोरांटी
चिंचोका यांच्याशी सहमत, फक्त नियतकालिके ब्लॉगांपासून वेगळी काढा. त्यांच्या फीडचा स्वभावच निराळा असतो. एखादा लेख आधी 'ऑनलाइन प्रथम' म्हणून येतो, पुढे काही महिन्यांनी अंकात पृष्ठक्रमांकासह पुन्हा येतो. बहुतेक प्रकाशक या दोन्हींच्या फीड वेगवेगळ्या देतात. दोन्ही घेतल्यात तर प्रत्येक लेख दोनदा येणार. त्यातली एकच घ्या, शक्यतो पहिली.

नियतकालिकांसाठी मी झोटेरो सुचवेन. संदर्भ साठवायला तो बहुतेकांकडे असतोच, पण ५.० आवृत्तीपासून त्यात फीडची सोय आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. नवीन फीड, पत्त्यावरून, असे करून पत्ता चिकटवायचा. लेख आवडला की एका बटणाने संग्रहात जातो, लेखक, वर्ष, अंक आपोआप भरून. झोटेरो फीडमधल्या नोंदी ठरावीक दिवसांनी स्वतःहून काढून टाकतो. मूळ मुदत फार तोकडी आहे, प्रत्येक फीडच्या सेटिंगमध्ये जाऊन ती वाढवा.

रॉयल एशियाटिक सोसायटीचे जर्नल केंब्रिजच्या संकेतस्थळावर आहे, तिथून सुरुवात करा. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा 'पॉकेट चेंज' हा ब्लॉग मात्र रीडरमध्येच ठेवा. तो वाचायचा असतो, साठवायचा नसतो.

तिरपी रेघ
मुळात १४० फीड स्वतः पाळायची गरजच काय? जिथे जाणकार माणसाने ब्लॉग निवडून एकत्र केलेत असा तयार संकलक धरावा. आर या संगणकभाषेसाठी आर-ब्लॉगर्स, डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी प्लॅनेट डेबियन, गणितासाठी मॅथब्लॉगिंग. एक फीड घेतली की काम झालं. नवा लेखक आला की तो आपोआप दिसतो, तुम्ही त्याला शोधायला जात नाही. स्वतःच्या यादीत तुम्हाला आधीपासून माहीत असलेलेच लोक. पाच वर्षांनी ती यादी म्हणजे जुन्या मित्रांचा व्हॉट्सॅप गट.

चिंचोका
@तिरपी रेघ, तयार संकलकात विषयाचं काय होतं ते प्लॅनेट डेबियनवर बघा. तिथे सदस्याचा ब्लॉग जोडलेला असतो आणि ब्लॉगवर माणूस मांजराबद्दलही लिहितो. आर-ब्लॉगर्सचा कारभार नीट चालतो, कारण ते लेखकाकडून अख्ख्या ब्लॉगची फीड घेत नाहीत, फक्त आर विषयाच्या वर्गाची मागतात. म्हणजे गाळणी लेखकाच्या घरीच लागते. ज्या संकलकात ही अट नाही तो सहा महिन्यांत भेळ होतो.

आणि नाणकशास्त्राला असा संकलक आहेच कुठे? टाकसाळरावांना तो स्वतःच करावा लागणार.

उंबरझाड
मराठी ब्लॉगविश्व आठवतंय का कुणाला? सगळ्या मराठी ब्लॉगांच्या ताज्या नोंदी एका रांगेत. कवितेखाली थालीपीठ, थालीपीठाखाली राजगड. मजा होती, पण त्यातून विषय धरता येत नव्हता. हिंदीत ब्लॉगवाणी आणि चिट्ठाजगत होते, तेही बंद पडले. संकलक चालवणाऱ्याचा उत्साह संपला की तुमची यादीही जाते, ही तिरपी रेघ यांच्या मताची दुसरी बाजू. स्वतःची यादी निदान स्वतःच्या फायलीत असते.

तिरपी रेघ
मान्य. पण मग नवे लेखक कसे सापडणार याचं उत्तर कुणी दिलं नाही. त्यावर कोणी बोलेल का?

कोरांटी
दोन मार्ग. 'क्वचित' कप्प्यातल्या प्रत्येक ब्लॉगच्या कडेला आवडत्या ब्लॉगांची यादी असते, ती वर्षातून एकदा चाळायची. चांगला संग्राहक कोणाला वाचतो हे तिथे उघड दिसते. दुसरा मार्ग म्हणजे प्रतिक्रियांची फीड. वर्डप्रेसवर मुख्य पत्त्यापुढे स्लॅश कॉमेंट्स स्लॅश फीड, ब्लॉगरवर फीड्स, कॉमेंट्स, डिफॉल्ट. दोन-तीन उत्तम ब्लॉगांचीच घ्या. नाण्याचे वाचन चुकले असे प्रतिक्रियेत सांगणारा माणूस बहुधा स्वतःही कुठेतरी लिहीत असतो.

तिरपी रेघ
प्रतिक्रियांची फीड डोक्यात आली नव्हती. घेतो.

सातबारा
विषय वेगळा, पण गाळणीचा मुद्दा तोच. बँकिंग आणि शेअरबाजाराच्या नियमांसाठी रिझर्व्ह बँक आणि सेबी दोन्हींच्या अधिकृत फीड आहेत. रिझर्व्ह बँकेची अधिसूचनांची वेगळी, प्रसिद्धिपत्रकांची वेगळी, भाषणांची वेगळी. नवखा माणूस प्रसिद्धिपत्रकांची घेतो आणि रोजच्या नाणेबाजाराच्या उलाढालीचे तक्ते, रोख्यांच्या लिलावाचे निकाल यांत बुडतो. काम अधिसूचनांच्या फीडने होतं. प्रसिद्धिपत्रकं हवीच असतील तर मथळ्यातल्या 'मनी मार्केट ऑपरेशन्स' आणि 'ऑक्शन' या शब्दांवर अडसर लावा, ढीग लगेच आटतो.

भडंग
नाणेबाजार! टाकसाळराव, तुमच्या 'नाणे' गाळणीत सातबारा यांचा अख्खा प्रतिसाद सापडेल.

अर्धा कप
वैद्यकीय विषयांसाठी ब्लॉग नंतर, आधी पबमेड, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांची शोधसूची. शोध नीट बांधा, शोधपेटीखालच्या 'क्रिएट आरएसएस'वर टिचकी मारा, नाव द्या, किती नोंदी ते निवडा, पत्ता घ्या. गोची नोंदींच्या आकड्यात आहे. आपोआप आलेला आकडा १५ असतो. तुमच्या शोधाला एका दिवसात ४० नवे लेख आले तर फीडमध्ये शेवटचे १५ राहतात आणि आधीचे २५ रीडरपर्यंत पोचतच नाहीत. ते हुकले हे कळतही नाही. सरळ १०० निवडा. शंभरही कमी पडत असतील तर शोधच ढिला आहे. शब्द फक्त मथळा-सारांशात शोधायला लावा, म्हणजे शब्दापुढे चौकटी कंसात टीआयएबी.

चिंचोका
अर्धा कप यांचा मुद्दा सगळ्याच फीडना लागू आहे. फीड म्हणजे खिडकी, गोदाम नव्हे. वर्डप्रेस मूळ सेटिंगमध्ये शेवटच्या १० नोंदी देतं, ब्लॉगर २५, यूट्यूब चॅनेल १५. रीडर दिवसातून एकदाच चौकशी करत असेल आणि वर्डप्रेसवरची साइट दिवसाला तीस बातम्या टाकत असेल, तर वीस गळाल्या. म्हणून 'धबधब्या'ची चौकशी तासाला, 'क्वचित'ची दिवसाला एकदा केली तरी बस.

उलट टोकही वाईट. दर पाच मिनिटांनी विचारलंत तर समोरचा सर्व्हर ४२९ देईल, म्हणजे 'फार वेळा विचारताय', आणि काही ठिकाणी ४०३ देऊन दारच लावेल. चांगला रीडर मागच्या वेळची खूण सोबत पाठवतो, बदल नसेल तर सर्व्हर ३०४ एवढंच सांगतो, मजकूर पाठवत नाही. ४१० आलं तर फीड कायमची गेली, काढून टाका. ३०१ आलं तर पत्ता बदललाय, रीडर तो स्वतः दुरुस्त करतो की नाही ते बघा.

भडंग
यंत्राच्या अभ्यासाची, म्हणजे मशीन लर्निंगची, आर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या साठ्याची फीड लावली आहे. रोज शेकडो. आणि शनिवार-रविवारी शून्य. मोडली का?

चिंचोका
मोडली नाही, सुट्टीवर आहे. शनिवार-रविवार वगळा असं त्या फीडमध्येच लिहिलेलं असतं. बाकीच्या दिवशी ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या मध्यरात्री बदलते, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेनऊ, तिकडच्या हिवाळ्यात साडेदहा. पहाटे उठून बघण्यात अर्थ नाही.

'शेकडो'त सगळे नवे लेख नसतात. प्रत्येक नोंदीवर प्रकार लिहिलेला असतो: नवा, दुसऱ्या वर्गातून आलेला, आणि जुन्याच लेखाची सुधारित आवृत्ती. सुधारित अडवा, तिथेच मोठा भार उतरतो. एवढ्यानेही भागत नसेल तर वर्गाची फीड सोडा आणि आर्काइव्हच्या शोध-एपीआयचा, म्हणजे प्रोग्रॅमने शोध घ्यायच्या सोयीचा, पत्ताच रीडरला द्या. तो ॲटम या फीडच्याच स्वरूपात उत्तर देतो, म्हणजे शोधच फीड होतो. दोन विनंत्यांमध्ये तीन सेकंद सोडा, तसा त्यांचा नियम आहे.

टाकसाळवाडा
बरंच हाती लागतंय. वेगाचे कप्पे पाडले: क्वचित ९१, नेहमीचे ३८, धबधबा ११. आता फीड न दिसणाऱ्यांचं काय?

उंबरझाड
दिसत नाही म्हणजे नाही असं नव्हे. डिसेंबर २०१८ मध्ये फायरफॉक्सच्या ६४व्या आवृत्तीतून फीडची सोय निघाली, तेव्हापासून बहुतेक ब्राउझर काही सांगतच नाहीत. पानावर कंट्रोल आणि यू दाबा, मूळ मजकूर उघडेल, त्यात 'अल्टरनेट' शब्द शोधा. त्या ओळीत आरएसएस किंवा ॲटम असेल तर पुढचा पत्ता उचला.

तेही नसेल तर अंदाज चालतात. वर्डप्रेस असेल तर पत्त्यापुढे स्लॅश फीड. एकाच वर्गाची हवी असेल तर त्या वर्गाच्या पानापुढे स्लॅश फीड. सबस्टॅकलाही स्लॅश फीड. ब्लॉगरला फीड्स, पोस्ट्स, डिफॉल्ट, आणि एकाच लेबलची हवी असेल तर त्यापुढे स्लॅश, आडवी रेघ, स्लॅश आणि लेबल. लेबल मराठीत असेल तर काही रीडर अडखळतात. तेव्हा ब्राउझरच्या पट्टीतून पत्ता तसाच कॉपी करा, देवनागरीचं रूपांतर टक्केवाल्या खुणांत होऊन येतं. एका अक्षराच्या नऊ खुणा होतात, लांबी बघून घाबरू नका.

ब्लॉगरवर अजून एक. कित्येक जुन्या ब्लॉगांनी आपली फीड फीडबर्नर या मधल्या सेवेकडे वळवलेली आहे आणि तिकडचं खातं मेलेलं आहे. ब्लॉग जिवंत, फीड मृत. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकून 'रीडायरेक्ट बरोबर फॉल्स' जोडा, मूळ फीड मिळते.

टाकसाळवाडा
या शेवटच्या युक्तीने चार मेलेले ब्लॉग जिवंत झाले. त्यातल्या एकावर शिवराईच्या प्रकारांवर सलग नऊ लेख पडून होते. दंडवत.

नुक्ता
मराठी गाळणीबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून लिहिते. इथे तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत.

पहिली सामान्यरूपाची. 'शिलालेख' बिनधास्त टाका, कारण शिलालेखात, शिलालेखाचा, शिलालेखांवर या सगळ्यांत तो अख्खा आहे. 'नाणे' टाकून भागत नाही. नाणं, नाणी, नाण्यांचा, नाण्यावर यांपैकी एकातही 'नाणे' नाही. 'लेणी'चं तेच, लेण्यांमध्ये गेली की हातची गेली. म्हणून शब्द टाकायचा नाही, शब्दाचा न बदलणारा भाग टाकायचा: 'नाण', 'लेण'. असं केलं की दुसऱ्या बाजूने पाणी शिरतं. 'नाण'मध्ये नाणेफेक येते, नाणेनिधी येतो आणि कोकणातला नाणारही येतो. क्रिकेट, अर्थकारण आणि तेलशुद्धीकरण. हे तिन्ही शब्द अडसरात घाला.

दुसरी, लहान शब्दांची. 'शक' हा शब्द क्षत्रप राजांसाठी हवा असेल तर सावध. शकतो, शकत नाही, दशक, प्रकाशक, सगळं आत. मराठीत 'शकतो' नसलेली बातमी शोधून दाखवा. त्याऐवजी 'क्षत्रप' आणि त्यांच्यातल्या राजाचं नाव 'नहपान' टाका.

तिसरी डोळ्यांना दिसतच नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आलं. त्याआधी आणि अजूनही कित्येक कळफलकांवर ते 'अ'वर चंद्र चढवून, कधी मध्ये न दिसणारा जोडक घालून लिहितात. पडद्यावर सारखंच, गाळणीला तीन वेगळे शब्द. 'दुसऱ्या', 'पायऱ्या' यांतल्या अर्ध्या र चं तेच, तो दोन प्रकारे साठवला जातो. तुमच्या विषयात 'पायऱ्यांवरील शिलालेख' शोधाल तर निम्मे सुटतील. अशा अक्षरांपाशी शब्द तोडा आणि आधीचा तुकडाच टाका. 'पाय' फारच लहान होतो, तिथे दोन्ही रूपं 'किंवा'ने जोडा.

भडंग
'नाणार' वाचून चहा सांडला.

चिंचोका
नुक्ताताईंच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली. एक पुरवणी. कुणी म्हणेल, शब्दाच्या सीमेची खूण लावून 'शक' एवढाच धरा. मिनीफ्लक्स या, स्वतःच्या सर्व्हरवर बसवायच्या रीडरमध्ये ते होणार नाही. तो गो भाषेत लिहिलाय आणि गोच्या रेगेक्समध्ये, म्हणजे मजकुराचा नमुना शोधायच्या नियमांत, शब्दसीमा फक्त रोमन अक्षरांना ओळखते. नियम चूक म्हणून दाखवत नाही, नुसता काही पकडत नाही. हाताने सीमा लिहावी लागते: आधी ओळीची सुरुवात किंवा मोकळी जागा, नंतर मोकळी जागा, स्वल्पविराम किंवा ओळीचा शेवट.

तरी टाकसाळरावांना मिनीफ्लक्सच सुचवतो. प्रत्येक फीडला ठेवायचा आणि अडवायचा असे वेगळे नियम लावता येतात, म्हणजे 'क्वचित'ला मोकळं सोडून फक्त 'धबधब्या'वर गाळणी बसते. न वाचलेली नोंद मूळ सेटिंगमध्ये १८० दिवस राहते. पोस्टग्रेस डेटाबेस लागतो, तेवढी खटपट. ती नको असेल तर फ्रेशआरएसएस, साध्या पीएचपी होस्टिंगवर एसक्यूलाइटसह चालतो, आणि फीड नसलेल्या पानावरून एक्सपाथने, म्हणजे पानातली नेमकी जागा सांगणाऱ्या खुणेने, नोंदी उचलतो. मिनीफ्लक्सची एक खोड सांगून ठेवतो: ओळीने तीन वेळा फीड वाचता आली नाही की तो तिचा नाद सोडतो. सर्व्हर दोन दिवस बंद पडला तर पुढे वर्षभर ती फीड गप्प. महिन्यातून एकदा चुकांची यादी बघून हाताने ताजी करा.

टाकसाळवाडा
आता एका जुन्या वर्डप्रेस ब्लॉगची फीड 'एक्सएमएल घोषणा सुरुवातीलाच हवी' असं म्हणून अडते. आणि दुसऱ्या एकाच्या जुन्या दहा नोंदी परवा पुन्हा न वाचलेल्या म्हणून उगवल्या.

उंबरझाड
दोन्ही दोष त्यांच्या बाजूचे. ब्लॉगमालकाला नम्र पत्र पाठवा, पण निदान सोबत द्या, नाहीतर तो म्हणेल 'माझ्याकडे तर नीट दिसतंय'.

पहिल्यात फीडच्या आधी एक रिकामी ओळ जाते. बहुतेक वेळा थीमच्या फंक्शन्स फायलीत पीएचपीची शेवटची खूण संपल्यावर कुणीतरी जास्तीचे एंटर मारलेले असतात. पानावर ती ओळ दिसत नाही, एक्सएमएलला, म्हणजे फीडच्या भाषेला, खपत नाही. ती शेवटची खूणच काढून टाकली तरी चालतं. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या फीड तपासनिसात पत्ता टाकला की ओळीचा क्रमांक मिळतो, तो पत्रात लिहा.

दुसऱ्यात ब्लॉग एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर गेलाय. प्रत्येक नोंदीची एक कायमची ओळख असते, रीडर तिच्यावरून वाचलं-न वाचलं ठरवतो. स्थलांतर करताना डेटाबेसमध्ये सरसकट जुना पत्ता शोधून नवा घातला की ही ओळखही बदलते. तो स्तंभ वगळायला हवा होता. आता झालं ते झालं, दहाच्या दहा 'वाचले' करा. त्यांना परत बदलायला सांगू नका, नाहीतर त्याच दहा तिसऱ्यांदा येतील.

कोरांटी
ज्यांच्याकडे फीड नाहीच, फक्त ईमेलने पत्र येते, त्यांच्यासाठी 'किल द न्यूजलेटर' आहे. एक ईमेल पत्ता आणि एक फीड मिळते. त्या पत्त्यावर वर्गणी लावली की पत्रे फीडमध्ये उतरतात. गूगल स्कॉलरही फीड देत नाही, फक्त ईमेल इशारे देतो, तिथेही हेच वापरता येते. पुष्टीचे पत्रसुद्धा त्याच फीडमध्ये येईल, ते उघडून दुव्यावर टिचकी मारायला विसरू नका.

सातबारा
जाता जाता, ज्या साइट मरतात त्यांच्यावर लक्ष ठेवा. डोमेनची मुदत संपते, दुसराच कोणी ते विकत घेतो, आणि ताम्रपटांच्या ब्लॉगच्या फीडमधून एक दिवस जुगाराच्या जाहिराती येऊ लागतात. पत्ता तोच, त्यामुळे रीडर काही बोलत नाही. दिसताक्षणी काढा, जुन्या लेखांसाठी जुनी पानं साठवणारं वेबॅक मशीन आहे.

टाकसाळवाडा
सध्याची स्थिती. मिनीफ्लक्स लावला. १४० पैकी १९ फीड मेलेल्या निघाल्या, चार फीडबर्नरवाल्या परत आल्या. नियतकालिकं १२, ती झोटेरोत. धबधब्यात ११ होते, आता ७. त्यातली पाच वर्तमानपत्रं. तिथे ठेवायचा नियम 'नाण', 'शिलालेख', 'ताम्रपट', 'क्षत्रप', 'सातवाहन', 'शिवराई'. अडवायचा नियम 'नाणेफेक', 'नाणेनिधी', 'नाणेबाजार', 'नाणार'. जोगळटेंभीसाठी मराठीत दोन आणि रोमनमध्ये तीन स्पेलिंगं घातली, कारण १९०६ साली सापडलेल्या त्या नाण्यांच्या साठ्याचं नाव प्रत्येक लेखक आपापल्या परीने लिहितो. आज सकाळी न वाचलेल्या नोंदी ३४.

त्यातल्या दोन तरीही नाणेनिधीच्या आहेत. नियम तर बरोबर दिसतोय.

नुक्ता
मथळा इथे चिकटवा.

टाकसाळवाडा
'आंतरराष्ट्रीय नाणे निधीचा इशारा'.

नुक्ता
सुटा लिहिलाय. 'नाणे' आणि 'निधी' यांच्यामध्ये मोकळ्या जागेची खूण घालून तिच्यापुढे प्रश्नचिन्ह टाका, म्हणजे असली तरी चालेल, नसली तरी.

चिंचोका
आणि तरीही सुटला तर ती जागा साधी नसेल, न तुटणारी असेल. गोच्या नियमात ती मोकळ्या जागेत मोजत नाहीत. चौकटी कंसात दोन्ही घाला.

पुढचं कुणी विचारायच्या आधी: हे सगळं बसलं की ओपीएमएल फाइल, म्हणजे सगळ्या फीडची यादी, उतरवून ठेवा. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झाला तेव्हा ज्यांच्याकडे यादी होती ते संध्याकाळपर्यंत दुसरीकडे चालू झाले. पण त्या फायलीवर गाळणीसाठी विसंबू नका. पत्ते आणि कप्पे नक्की जातात, वाचल्याच्या खुणा जात नाहीत, आणि नियम दुसऱ्या रीडरला कळतीलच असं नाही. तुमचे 'नाणार'चे नियम एका साध्या मजकूर फायलीत वेगळे ठेवा.

टाकसाळवाडा
दोन्ही केलं. नाणेनिधी गेला. आता एकच उरलंय: 'बॉक्स ऑफिसवरचं चलनी नाणं'. आठवड्यात तीन वेळा.

भडंग
आणि निवडणुकीच्या दिवसांत 'खणखणीत नाणं' येईल ते वेगळंच.

नुक्ता
'चलनी' अडवू नका, चलनी नाण्यांवरचे तुमचे खरे लेखही जातील. त्या वर्तमानपत्राची अख्खी फीड घेतली आहे का? मनोरंजन सोडून फक्त राज्य आणि जिल्हा पानांच्या वेगळ्या फीड आहेत का ते बघा. ही नाणी तिथूनच येत असणार.

टाकसाळवाडा
आहेत. बदलल्या. जिल्हा पानांवरून आज एकच नोंद आली, विहिरीचं खोदकाम करताना मडकं सापडल्याची. वाचायला घेतो.